घरटी एक माणूस, तत्त्वज्ञानाच्या तासाला

कॉलेजचं बाक माणसानं बसावं म्हणून केलेलं नसतं. पाठ टेकावी तर मागची फळी नेमकी मणक्यात रुतते, पुढं वाकावं तर समोरची फळी पोटात येते, आणि पाय खाली टेकतच नाहीत. मी आयुष्यभर जमिनीवर बसलेली बाई. त्या बाकावर मी एक अख्खी सहामाही तत्त्वज्ञान ऐकलं. हौसेनं नाही.

माझं शिक्षण चौथी. पुढं शिकायला मिळालं नाही म्हणून मी कधी रडले नाही. चौथी झाल्यावर घरच्या म्हशी माझ्याकडं आल्या, आणि खरं सांगायचं तर मला शाळेपेक्षा म्हशी बऱ्या वाटल्या. म्हशीला एकदा कळलं की कळलं. तीच गोष्ट ती फिरवून फिरवून विचारत नाही. लिहावाचायला मला चांगलं येतं, पेपर रोज वाचते, तेवढ्यावर माझं कधी अडलं नाही.

तर मी तिथं कशी गेले ते सांगते. माझा नातू फौजेत आहे. त्याचं लग्न कोरेगावकडच्या मुलीशी ठरलं तेव्हा ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सुपारीच्या बैठकीत तिच्या वडिलांनी एकच गोष्ट मागितली. म्हणाले, "पोरगीचं शेवटचं वरीस तेवढं हुंदे. बाकी आमचं काय म्हणनं न्हाई."

माझा मुलगा वर पंख्याकडं बघत बसला. दोघंतिघं पानाच्या तबकात हात घालून सुपारी शोधायला लागले. चहा गार होत चालला होता आणि मला गार चहा चालत नाही.

मी म्हणाले, "शिकंल की. मी बघते."

चारचौघांनी ऐकलं. विषय संपला, चहा प्यायले. पण शब्द गेला तो गेला.

लग्नानंतर लगेच दिवस राहिले, त्यामुळं शेवटचं वर्ष एक वर्ष लांबलं. मुलगी झाली. आणि तेवढ्यात नातवाचा फोन आला की पुढच्या उन्हाळ्यात त्याला बायकोमुलीला घेऊन राहायला क्वार्टर मिळणार. कुठं मिळणार ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. राजस्थानात नाहीतर आसामात. म्हणजे नातसुनेनं शिकायचं तर याच वर्षी, नाहीतर राहिलं ते राहिलंच. तिला कसलीशी सरकारी परीक्षा द्यायची होती आणि पदवी नसेल तर त्या परीक्षेचा फॉर्मसुद्धा भरता येत नाही, असं ती म्हणाली.

तिचा विषय तत्त्वज्ञान. हाच का घेतलास, म्हणून मी विचारलं. तर म्हणे माहेरच्या कॉलेजात मराठीच्या जागा भरल्या होत्या, हा विषय मोकळा होता. आणि आता तिसऱ्या वर्षाला बदलता येत नाही. एसटीत जागा मिळाली नाही म्हणून टपावर चढावं, तसं ते होतं.

आमच्या गावापासून एसटीनं पाऊण तासावर एक कॉलेज होतं, तिथं हा विषय शिकवत होते. नाव घातलं. आता प्रश्न पणतीचा. ती पाच महिन्यांची, आणि बाटली तोंडाला लावली की घर डोक्यावर घ्यायची. तिला आईबरोबर न्यायलाच पाहिजे आणि आई तासाला बसली की कुणीतरी सांभाळायला पाहिजे. सून दिवसभर रानात, संध्याकाळी डेअरीवर. घरात रिकामी मी. शिवाय पंचाहत्तरी ओलांडल्यापासून मला एसटी फुकट.

"आत्ती, तुमीच जावा," सून म्हणाली. "तुमीच शब्द दिलाय."

पहिल्या आठवड्यात मी वऱ्हांड्यात बसत होते. पोर मांडीवर, खाली जुन्या लुगड्याचा धडपा, वारा यायचा, बरं होतं. मग शिपाई आला.

"आज्जी, वऱ्हांड्यात बसायचं न्हाई."

"मग कुटं बसू?"

"आत बसा, न्हाईतर गेटाच्या भाईर बसा. मधी न्हाई. सायबांची आर्डर हाय."

गेटाच्या बाहेर ऊन आणि रस्त्यावरचे ट्रॅक्टर. मी आत गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. सरांनी बघितलं, "बसा आजी," म्हणाले आणि पुढं शिकवायला लागले. मला वाटलं होतं हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

सर साताऱ्याचे. पन्नाशीचे, बारीक, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. आठवडाभर इथं खोली घेऊन राहायचे, शनिवारी घरी. पूर्वी या विषयाला दोन मास्तर होते. एक निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, म्हणून सगळे तास यांच्याच डोक्यावर. वर्गाच्या पटावर आठ नावं. त्यांतल्या चौघांची तोंडं मी शेवटपर्यंत बघितली नाहीत. उरलेल्यांत आमची नातसून, एकमेकींच्या कानात बोलणाऱ्या दोन मैत्रिणी, आणि एक पोरगा. तो भरतीची तयारी करत होता. पहाटे पाचला धावायचा आणि अकराच्या तासाला डोकं बाकावर ठेवून झोपायचा. सर त्याला उठवत नव्हते.

पहिला धडा धुराचा. लांब डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथं विस्तव आहे. एवढंच. हे मला वाटलं एका वाक्यात संपेल. त्याला तीन आठवडे लागले. धूर दिसला ही एक पायरी, जिथं धूर तिथं विस्तव ही दुसरी, उदाहरण हवं म्हणून स्वयंपाकघर ही तिसरी, अशा पाच पायऱ्या सरांनी फळ्यावर काढल्या आणि प्रत्येक पायरीवर दोन-दोन दिवस बसले. हे सगळं कशासाठी, तर डोंगरावर विस्तव आहे हे शेवटी ठरवायला. तोवर डोंगर जळून गेला असता.

आमच्याकडं ऊस गेला की पाचट पेटवतात. धूर दिसला की बाई आधी वारा कुठला ते बघते, मग वाळत घातलेले कपडे काढते, आणि बांधावर उभी राहून हाक मारते. तिला पाच पायऱ्या लागत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात सर परत म्हणाले, "जिथे धूर तिथे अग्नी. उदाहरणार्थ, स्वयंपाकघर," आणि माझ्याच्यानं राहवलं नाही.

"कवा चुलीपाशी बसलाय का तुमी?" मी मागून म्हणाले.

मैत्रिणी हसल्या. सर नाही हसले. "का आजी?"

"वल्ली लाकडं घाला चुलीत. डोळं फुटंस्तवर धूर निगंल, जाळ बघायलाबी मिळायचा न्हाई. आन शेजारी निखारं लालभडक असत्यात, त्यास्नी धूर नसतो. तुमी धुरावरनं काय सांगताय?"

सरांनी खडू खाली ठेवला. मला वाटलं, गेलं आता, काढतात बाहेर. तर त्यांचा चेहरा दिव्यासारखा उजळलेला. "ओलं लाकूड!" ते म्हणाले. "आजी, याच मुद्द्यावर जुन्या पंडितांनी शेकडो वर्षं वाद घातलाय!"

शेकडो वर्षं. ओल्या लाकडावर. आणि त्यांनी त्या ओल्या लाकडावर आणखी चार दिवस घेतले. तोंड मी उघडलं आणि शिक्षा सगळ्या वर्गाला. नातसुनेनं मला एसटीत हात जोडले. "आज्जी, उद्यापासनं काय बोलू नगासा."

हजेरी सर तासाच्या शेवटी घेत. नावं घेत नसत, नंबर घेत. आमच्या नातसुनेचा नंबर सहा. पोर नेमकी तास संपायच्या वेळी भुकेला यायची, मग नातसून तिला घेऊन बायकांच्या खोलीत जायची, आणि इकडं सर म्हणायचे, "सहा नंबर?"

पहिल्यांदा मी एकदोन क्षण थांबले. ती शेजारच्या खोलीतच होती. मी म्हणाले, "हजर." सरांनी वहीतून मान वर केली नाही. पुढचा नंबर घेतला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आजही नाही वाटत.

मग जुलै-ऑगस्टात आमची नव्या उसाची लागण, म्हणजे लावणी, निघाली. वीस माणसांच्या भाकरी. सून एकटी पुरी पडेना, नातसुनेला घरी थांबावं लागलं. तिचा चेहरा पडला. म्हणाली, "हजेरी बुडती आज्जी. हजेरी कमी पडली तर परीक्षंला बसू देत न्हाईत."

"बुडती कशी?" मी म्हणाले. "मी जाते."

आता हे कुणाला हसू येईल, पण आमच्या घरात कुणालाच आलं नाही. आमच्याकडं मयताच्या तिसऱ्या दिवशी सावडायला घरटी एक माणूस जातो. लग्नाला घरटी एक. ग्रामसभेला, देवळाच्या कामाला, ओढ्यावर बंधारा घालायला घरटी एक. थोरला आला नाही म्हणून धाकट्याला कुणी परत पाठवत नाही. घराचं माणूस आलं म्हणजे घर आलं. कॉलेजची हजेरी तेवढी वेगळी असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या मुलाच्याही नाही. तो म्हणाला, "जा की. बसायचंच हाय न्हवं?"

बसायचंच होतं. म्हणून मी एकटी गेले. पोर नाही, नातसून नाही, पिशवीत भाकरी आणि पाण्याची बाटली. लागणीचे दिवस, मग पोरीच्या दातांचा ताप, मग गौरी-गणपती. किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत, पण बाकाची फळी पाठीला ओळखायला लागली होती. रोज सर "सहा नंबर?" म्हणत, रोज मी "हजर" म्हणे.

पोर मांडीवर असली की निदान तिच्याकडं बघता यायचं. एकटीला सगळं ऐकावं लागलं. एक दिवस दोरी आणि साप. अंधारात दोरी पडलेली असते, माणसाला साप वाटतो, मग तो साप होता कुठं? दोरीत, डोळ्यात, का मनात? मला विचाराल तर आमच्या उसात असं काही दिसलं की माणूस आधी मागं सरतो आणि मग बॅटरी मारतो. साप कुठं होता हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्या रानात ऊस नाही.

आणि एक दिवस नसण्याचा धडा. भुईवर घागर नाही, हे आपल्याला कसं कळतं. सरांनी घागर म्हणून आपली पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि मग उचलून पिशवीत टाकली. त्या दिवशी मैत्रिणी आल्या नव्हत्या. भरतीवाला झोपलेला. जागी मी एकटी.

"काय दिसतंय?" सरांनी मलाच विचारलं.

"टेबल."

"आणखी?"

"धूळ."

"बाटली?"

"ती तुमच्या पिशवीत हाय."

"बरोबर. पण टेबलावर बाटली नाही, हे तुम्हाला दिसतंय का?"

"जे न्हाईच ते दिसंल कसं?"

"तेच तर!" त्यांनी टेबलावर हात आपटला. भरतीवाला दचकून उठला आणि "यस सर" म्हणून परत झोपला. "दिसत नाही, तरी कळतं. मग कळतं ते कशानं?"

यावर एक अख्खा तास. माझी एक वाजताची एसटी गेली. पुढची अडीचला. स्टँडवर बसून मी भाकरी खाल्ली आणि सरांना मनात काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ते सगळं मी संध्याकाळी घरी म्हणायचे. नातसून भाकरी थापायची, मी तव्यापाशी बसून भाजायचे आणि तोंड चालू. "आज काय केलं माहीत हाय का तुझ्या सरानं? बाटली पिशवीत टाकली आन मला विचारतोय, बाटली न्हाई हे दिसतंय का? तुज्या बापानं याच्यासाठी बैठक थांबवली व्हय गं?" ती हसायची. मध्येच विचारायची, "मग तुमी काय म्हणला? मग ते काय म्हणले?" मला वाटायचं, पोरगी कामानं दमलीय, करमणूक करून घेतेय. मी आणखी चिडून सांगायचे.

सप्टेंबरात ऑफिसबाहेरच्या फळ्यावर यादी लागली. हजेरी कमी असलेल्यांची. त्या दिवशी आम्ही तिघी बरोबरच गेलो होतो. नातसून यादीसमोर उभी राहिली आणि तिथून हललीच नाही. मी पुढं जाऊन वाचलं. तत्त्वज्ञान, तिसरं वर्ष, सहा नंबर. परीक्षेचा फॉर्म घेतला जाणार नाही.

मी सरांच्या खोलीत गेले. नातसून मागून "आज्जी, नगं, आज्जी," म्हणत आली.

"ह्ये काय?" मी म्हणाले. "रोज हजर म्हटलंय मी."

सरांनी वही काढली. सहा नंबरच्या ओळीत काही ठिकाणी हजेरीची खूण होती आणि बऱ्याच ठिकाणी नुसतं एकेक बारीक टिंब. त्यांनी टिंबावर बोट ठेवलं. "हे तुम्ही एकट्या आलात ते दिवस, आजी."

"म्हंजे तुमाला ठाऊक हुतं?"

"तुम्ही दिसत होतात समोर."

"मग बोलला का न्हाई?"

"मला वाटलं, तुम्ही स्वतः आलात हे सांगताय."

मला भयंकर राग आला. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर शंका काढणारा हा माणूस. धुरावर शंका, दोरीवर शंका, टेबलावर शंका. आणि एक म्हातारी रोज सहा नंबरला हजर म्हणते, त्यावर याला शंका आली नाही.

"आमच्यात मयताला घरटी एक माणूस जातो," मी म्हणाले. "त्यो आला की सगळं घर आलं."

"मयत वेगळं, आजी. हा वर्ग आहे."

"काय येगळं? तितंबी बसवत न्हाई, हितंबी बसवत न्हाई. तितंबी एकच बोलतो आन बाकीचे खाली बघत्यात."

नातसुनेनं तोंडाला पदर लावला. सरांनी चष्मा काढून पुसला. "हजेरी घराची नसते. ज्याची त्याची असते."

"बरं. तुमीच शिकवलंय, बाटली न्हाई ते बाटली न्हाई म्हणून कळतं. मग ही न्हाई ते तुमाला पहिल्याच दिवशी कळलं. तवाच म्हणायचं हुतं, आज्जी, उद्यापासनं हिलाच पाठवा. मी भाकऱ्या थापल्या असत्या, हिला पाठवली असती. तुमी टिंबं काढत बसला. आता हिचं वरीस गेलं तर त्यात तुमचंबी एक टिंब हाय."

पणती माझ्या खांद्यावर चुळबुळ करत होती. मग नातसून पुढं झाली. ही पोरगी आमच्या घरात कधी आवाज चढवून बोललेली नाही. ती म्हणाली, "सर, मला इचारा. ज्या दिवशी मी न्हवते त्या दिवसांचं इचारा."

सरांनी विचारलं. दोरीचं विचारलं, बाटलीचं विचारलं. ती घडाघडा सांगायला लागली. पायऱ्या, नावं, कुणाचं म्हणणं काय आणि त्याला दुसऱ्यानं काय उत्तर दिलं. आणि मध्ये मध्ये माझं. "पण इथं असं म्हणता येईल सर, की ज्याच्या रानात साप आहेत तो साप कुठं होता हे विचारत नाही." मी तिच्याकडं बघतच राहिले. ते वाक्य मी तव्यापुढं शिवीसकट म्हटलं होतं. शिवी तिनं गाळली होती.

"हे कुठून आणलंस?" सर म्हणाले. "पुस्तकात नाही हे."

"आज्जी रोज संध्याकाळी सांगत्यात."

"शिकवतात?"

"न्हाई सर. तुमच्यावर चिडत्यात. त्यात सगळं येतंय."

सर हसले. सगळ्या सहामाहीत मी त्यांना एवढं एकदाच हसताना बघितलं. मला वाटलं, सुटलो. आता टिंबांवर काट मारतील.

तर म्हणाले, "हिला विषय आलाय. पण येणं वेगळं आणि हजर असणं वेगळं. ती नव्हती, तिथं होती असं मी लिहिणार नाही."

हे मला, राग होता तरी, पटलं. खोटं लिहिणारा मास्तर असता तर त्याच्याशी एवढं भांडायलाच लागलं नसतं. पण मी तोंडानं काही कबूल केलं नाही. "मग काय करायचं ते बोला," एवढंच म्हणाले.

त्यांनी मार्ग काढला. प्राचार्यांची परवानगी घेऊन ते जादा तास घेणार. रविवारी आणि दसऱ्याच्या सुट्टीत. जे तास बुडाले तेच, तेवढेच. ती बसली तर फॉर्म घेतला जाईल. त्यांनी साताऱ्याला घरी फोन केला आणि या महिन्यात येणं होणार नाही म्हणून सांगितलं. पलीकडून बायको काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण सरांचा चेहरा बघून मला अंदाज आला. पाच पायऱ्या लागल्या नाहीत.

घरी मुलगा कुरकुरला. रविवारी बाजार, सुट्टीत पाव्हणे, कोण बघणार. मी म्हणाले, "ज्यानं बैठकीत पंख्याकडं बघितलं त्यानं बघावं." सूनच म्हणाली, "जाऊ दे तिला. भाकऱ्या ह्ये थापतील." मुलानं खरंच एका रविवारी थापल्या. त्याचा आकार काय झाला ते मी सांगत नाही.

पण मुख्य गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. पहिल्या रविवारी शिपाई किल्ली घेऊन कुठं गेला होता कुणास ठाऊक, वर्गाला कुलूप. सर म्हणाले, इथंच बसू. ज्या वऱ्हांड्यातून मला हाकललं होतं त्याच वऱ्हांड्यात आम्ही बसलो. मी, नातसून, धडप्यावर पोर, आणि पायरीवर सर, फरशीवर खडूनं लिहितायत. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. फरशीवर ठेवली. परत पिशवीत टाकली.

"काय दिसतंय?"

"आवं सर," मी म्हणाले, "ह्ये झालंय."

"तुमचं झालंय, आजी. तिचं नाही."

बुडालेले तास म्हणजे जे तिचे बुडाले ते. आणि जे तिचे बुडाले ते सगळे मी एकटीनं बसून ऐकले होते. एकूण एक. पोर सांभाळायला मी हवीच, म्हणून उठून जाता येईना. दोरी दोनदा, साप दोनदा, बाटली दोनदा. दसऱ्याला लोक सोनं वाटत होते आणि मी त्या वऱ्हांड्यात दुसऱ्यांदा ऐकत होते की जे नाही ते नाही हे कळतं कसं. पोर रांगायला शिकली ती त्याच फरशीवर. एकदा तिनं खडूनं लिहिलेली पायरी हातानं पुसून टाकली. सगळ्या तासात मला आवडलेलं काम तेवढं एकच.

फॉर्म घेतला गेला. परीक्षेच्या दिवशी शिपायानं मला वऱ्हांड्यात बसू दिलं. म्हणाला, "आज आत न्हाई जायचं हां आज्जी." मी म्हणाले, "कुणाला हौस हाय?" तीन तास पोर सांभाळत बसले. आत काय विचारलं असेल याची उगाच टोचणी लागली होती, त्या टोचणीचाही मला राग आला.

नातसून बाहेर आली तर बोटांना शाई.

"धूर आला का?"

"न्हाई आज्जी. घागर आली."

"लिव्हलंस?"

"लिव्हलं की. पानं पुरली न्हाईत, पुरवणी घेतली."

"पुरवणी? घागर न्हाई म्हणायला?"

तिनं पोर घेतली आणि ती एसटीकडं चालायला लागली. पास झाली. त्या विषयात वर्गात पहिली आली, पण चौघांच्या वर्गात पहिलं येणं म्हणजे काय, तेव्हा ते मी गावात सांगितलं नाही. तिच्या वडिलांना तेवढं फोन करून सांगितलं. शब्द त्यांना दिला होता.

दुसऱ्या सहामाहीचा पहिला दिवस. लागण झालेली, पोर आता वरणभात खाणारी पण आईला न सोडणारी, नातसून एकही दिवस घरी थांबणार नाही असं मी घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. मी शेवटच्या बाकावर घरून आणलेली उशी घालून बसले. सरांनी या वेळी हजेरी तासाच्या सुरुवातीलाच घेतली. माझ्यामुळंच असावं.

"सहा नंबर?"

मी तोंड गच्च मिटलं. "हजर," नातसून म्हणाली, स्वतःच्या तोंडानं. सरांनी खूण केली. आठ नंबर झाले, वही मिटता मिटता त्यांनी मागं बघितलं.

"आणि आजी?"

त्यांनी सहज विचारलं असेल. पण मला गेल्या खेपेचा राग होता.

"गैरहजर," मी म्हणाले.

सरांचा हात वहीवर तसाच थांबला. चेहरा उजळला. ओल्या लाकडाच्या वेळी उजळला होता तसाच. नातसुनेनं कपाळाला हात लावला आणि मला कळलं की आपण काय करून बसलो. त्यांनी वही बाजूला सारली, खडू घेतला आणि फळ्याकडं वळले.

"आता हे बघा," ते म्हणाले. "आजी म्हणतात, मी गैरहजर आहे. हे खरं असेल, तर बोललं कोण?"

एक वाजताची एसटी गेली.